‘पहिल्या धारेची’ म्हणजे नेमकी कोणती? दारूची भट्टी कशी चालते आणि ती घरी का लावता येत नाही

कुकरच्या शिट्टीच्या जागी एक नळी, ती थंड पाण्याच्या बादलीतून फिरवलेली आणि टोकाला बाटली. ‘घरच्या घरी फेणी’ अशा नावाचे रील्स काजूचा हंगाम आला की फिरायला लागतात. खाली कमेंटमध्ये तीन प्रकारची माणसं असतात. एक म्हणतो, “भावा, पत्ता पाठव.” दुसरा म्हणतो, “आंधळा होशील.” आणि तिसरा जाणकार असतो. तो सांगतो, “पहिली धार फेकून द्यायची, मग काही होत नाही.”

यातल्या दुसऱ्याचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. तिसऱ्याचं मात्र धोकादायकरीत्या चूक आहे. का, ते समजून घ्यायचं तर आधी भट्टीत होतं काय, हे बघायला हवं.

भांडं, वाफ आणि थंड पाणी

मुंबई-गोवा महामार्गावर खेड सोडून चिपळूणकडे निघालात की परशुराम घाटाच्या आधी लोटे लागतं. इथली औद्योगिक वसाहत रसायनांची. कोकणात कोणाला ‘ऊर्ध्वपातन’ हा शाळेतला शब्द रोजच्या कामात लागत असेल, तर तो अशा वसाहतीतल्या प्लांट ऑपरेटरला. द्रावण तापवायचं, आधी उडणाऱ्या घटकाची वाफ वेगळी काढायची, ती थंड करून पुन्हा द्रव करायची. कारखान्यात हे काम स्टीलच्या उंच स्तंभात, तापमान आणि दाबावर लक्ष ठेवून चालतं. याच महामार्गाने दक्षिणेला गोव्यात उतरलात की तेच काम काजूच्या बागेत, लाकडाच्या जाळावर, तांब्याच्या भांड्यात चालताना दिसतं.

तत्त्व एकच. शुद्ध अल्कोहोल, म्हणजे इथेनॉल, 78 अंश सेल्सिअसला उकळतं आणि पाणी 100 ला. पण आंबवलेल्या रसात दोन्ही एकत्र असतात, आणि मिश्रण मिश्रणासारखंच वागतं. 78 अंशाला सगळं अल्कोहोल उडून जाईल आणि पाणी खाली राहील, असं होत नाही. साधारण 10 टक्के अल्कोहोल असलेला रस 92-93 अंशाच्या आसपास उकळायला लागतो. त्याच्या पहिल्या वाफेत अल्कोहोल निम्म्याहून थोडं जास्त असतं आणि बाकीचं मुख्यतः पाणी. जसजसा रस उकळत राहतो तसतसं अल्कोहोल कमी होतं आणि धार पातळ होत जाते. शेवटी शेवटी तर चव गेलेलं कोमट पाणीच पडतं.

म्हणून आपल्याकडे ‘पहिल्या धारेची’ म्हणजे सगळ्यात कडक. हा वाक्प्रचार भट्टीच्या अनुभवातून आलेला आहे आणि तेवढ्यापुरता अगदी खरा आहे. आता तो दारूपुरता राहिलेला नाही, पहिल्या धारेचा विनोदही असतो. गंमत अशी की जगभरातले परवानाधारक दारू गाळणारे नेमकी हीच पहिली धार बाजूला काढतात. त्यात अ‍ॅसिटाल्डिहाइड, इथाइल अ‍ॅसिटेट असे लवकर उडणारे पदार्थ एकवटलेले असतात. नेलपॉलिश काढायच्या द्रवासारखा वास येतो तो त्यांचाच. मधली धार ठेवायची, शेवटची पुन्हा भांड्यात टाकायची. कडक आणि चांगली या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढं यातून कळतं.

साध्या भट्टीत, म्हणजे एक भांडं, एक नळी, एक थंड टोक अशा रचनेत, एकदा गाळून फार तीव्र दारू मिळत नाही. त्यामुळे ती दोनदा, कधी तीनदा गाळतात. उलट कारखान्यातल्या स्तंभात वाफ वर चढताना पुन्हा पुन्हा थंड होते आणि पुन्हा पुन्हा उकळते, म्हणजे एकाच फेरीत अनेकदा गाळल्यासारखं होतं. तरीही साध्या ऊर्ध्वपातनाने वजनाच्या 95.6 टक्क्यांच्या पुढे जाता येत नाही. तिथे पाणी आणि अल्कोहोल एकमेकांना सोडतच नाहीत.

ही रचना आपल्याला नवीन नाही. ‘रसरत्नसमुच्चय’ या संस्कृत रसशास्त्राच्या ग्रंथात ‘तिर्यकपातन यंत्र’ आहे. दोन भांडी आणि मध्ये तिरकी नळी, हीच रचना. कनौजला अत्तर काढणारे आजही तांब्याची देग, बांबूची नळी आणि पाण्यात बुडवलेला भपका वापरतात. भपक्यात दारूऐवजी गुलाबाचा अर्क उतरतो, एवढाच फरक.

पहिली धार फेकली की विष गेलं?

आता त्या तिसऱ्या कमेंटकडे येऊ.

भीती आहे मिथेनॉलची. हेही अल्कोहोलच, दिसायला इथेनॉलसारखंच, वासही जवळपास तसाच. ते 65 अंशाला उकळतं. यावरून इंटरनेटवर सोपा हिशोब मांडला जातो: मिथेनॉल आधी उकळतं, म्हणजे आधी बाहेर पडतं, म्हणजे पहिली धार फेकली की संपलं. हिशोब कागदावर बरोबर वाटतो. पण वर सांगितलं तसं मिश्रण मिश्रणासारखं वागतं. भरपूर पाण्यात थोडं मिथेनॉल असेल तर साध्या भट्टीत ते सुरुवातीपासून शेवटपर्यंत थोडं थोडं येत राहतं. पहिली वाटी फेकल्याने वास सुधारतो. मिथेनॉलचा प्रश्न मात्र तसाच राहतो.

मग घरच्या भट्टीची प्रत्येक दारू विषारी असते का? नाही, आणि हे स्पष्ट सांगायला हवं, कारण अर्धवट भीती दाखवली की लोक उरलेली अर्धीही मानत नाहीत. आंबवताना मिथेनॉल तयार होतं ते मुख्यतः फळांतल्या पेक्टिनपासून. गुळात पेक्टिन जवळजवळ नसतंच. फळांच्या दारूत थोडं मिथेनॉल असतं, पण सोबत कितीतरी जास्त इथेनॉल असतं. गोव्यात पिढ्यान् पिढ्या फेणी गाळली जाते आणि त्याने गावंच्या गावं आंधळी झालेली नाहीत.

सामूहिक विषबाधा होते ती बाहेरून आणलेल्या मिथेनॉलने. जून 2015 मध्ये मुंबईत मालाडच्या मालवणीत 100 हून अधिक माणसं गेली, ती मिथेनॉल मिसळलेली दारू पिऊन. जुलै 2022 मध्ये गुजरातमध्ये बोटाद आणि अहमदाबाद जिल्ह्यांत 40 हून अधिक मृत्यू झाले. तिथे तपासात निघालं ते असं की, एका रासायनिक कंपनीच्या साठ्यातून चोरलेलं मिथेनॉल पाण्यात मिसळून दारू म्हणून विकलं गेलं होतं. भट्टी पेटवायचीही गरज पडली नाही. गूळ, लाकूड, तीन-चार दिवसांचं आंबवणं, पोलिसांची धाड, हा सगळा खटाटोप वाचवण्यासाठी विकणारा ‘स्पिरिट’ मिसळतो. ते स्पिरिट इथेनॉलचं आहे की मिथेनॉलचं, हे अनेकदा त्यालाही ठाऊक नसतं.

म्हणून ‘गावठी आहे, शुद्ध आहे’ हे वाक्य ऐकलं की विचारायचा प्रश्न एकच: यात नंतर काय मिसळलं? याचं उत्तर बाटलीकडे बघून, वास घेऊन किंवा चमच्यात पेटवून मिळत नाही. निळी ज्योत म्हणजे शुद्ध, ही परीक्षा खोटी आहे. मिथेनॉलचीही ज्योत निळसरच असते आणि उजेडात ती धड दिसतही नाही.

मिथेनॉल शरीरात गेल्यावर लगेच काही होत नाही, आणि घात होतो तो इथेच. यकृत त्याचं आधी फॉर्माल्डिहाइड करतं आणि मग फॉर्मिक आम्ल. हे आम्ल डोळ्यांच्या नसांवर जातं. साधारण 12 ते 24 तासांनी मळमळ, पोटदुखी, जोराचा श्वास, डोळ्यांपुढे धुकं किंवा पांढरे ठिपके असं सुरू होतं. सोबत साधी दारूही घेतली असेल तर लक्षणं आणखी उशिरा येतात. तोवर माणूस ‘हँगओव्हर आहे’ म्हणून झोपलेला असतो. 10 मिलिलिटर एवढंसं मिथेनॉलही दृष्टी घालवू शकतं.

अशी शंका आली तर 108 ला फोन करा आणि मोठं रुग्णालय गाठा. लोटे परिसरातून एका बाजूला कळंबणीचं आणि दुसऱ्या बाजूला कामथ्याचं उपजिल्हा रुग्णालय आहे. डॉक्टरांना ‘दारू प्यायलाय’ एवढंच सांगून थांबू नका. कुठली, किती वाजता, आणखी कोणी घेतली, हे सांगा आणि उरलेली बाटली सोबत न्या. यावर उतारा आहे, डायलिसिसही करतात, पण वेळेत. पोलिसांच्या भीतीने घरीच लिंबूपाणी देत बसणं जिवावर बेततं. सोबत ज्यांनी घेतली त्यांना काही होत नसलं तरी तपासायला न्या.

निळं पिंप

लोट्यासारख्या रासायनिक वसाहतीच्या आसपासच्या गावांसाठी आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती रीलमध्ये कोणी सांगत नाही.

हातभट्टीवर धाड पडल्याची बातमी वाचा. ‘गूळमिश्रित रसायन’, ‘नवसागर’ यांच्यासोबत ‘प्लास्टिकचे ड्रम’ हमखास असतात. ही पिंपं कुठून येतात? भंगारातून. आणि भंगारात येण्याआधी त्यात काय होतं, याचं लेबल बहुतेक वेळा खरवडलेलं असतं. विद्रावक, कीटकनाशकाचा कच्चा माल, आम्ल, काहीही असू शकतं. प्लास्टिक असे पदार्थ शोषून घेतं आणि साबणाने धुऊन ते जात नाहीत. त्यात आंबट रस दोन-चार दिवस ठेवला की ते हळूहळू बाहेर येतात. हे फक्त दारूचं नाही. अशा पिंपात पिण्याचं पाणी भरणारी घरंही आहेत, आणि खरं तर तो धोका जास्त लोकांना आहे. दारूबद्दल बोलताना हा मुद्दा आला, म्हणून इथेच सांगून टाकतो: रसायनाचं पिंप स्वयंपाकघराच्या कुठल्याच कामाला नको.

नवसागराबद्दलही पुष्कळ दंतकथा आहेत. नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड. कल्हईवाला वापरतो तोच. गुळाच्या पाण्यात यीस्टला लागणारं नायट्रोजन कमी असतं, ते यातून मिळतं आणि आंबणं जोरात होतं. ‘किक’ येते ती नवसागराने, हा समज चुकीचा आहे. पण अमोनियाचे क्षार आणि तांबं-पितळ यांचं जमत नाही, धातू झिजून धारेत उतरतो. जस्ताचा पत्रा, गाडीचा जुना रेडिएटर, शिशाचं डाग दिलेला सांधा यांचं तेच. अमेरिकेत चोरून गाळणाऱ्यांनी रेडिएटर वापरले आणि त्यांच्या गिऱ्हाइकांना शिशाची विषबाधा झाली, अशी प्रकरणं तिथल्या डॉक्टरांनी नोंदवलेली आहेत.

आणि कुकर? त्यात विषाआधी आगीचा प्रश्न येतो. 40 टक्के अल्कोहोलची वाफ 26 अंशाच्या आसपासच पेट घेण्याजोगी होते. कोकणात मार्च महिन्यात सावलीतही याहून जास्त असतं. नळीत फळाचा चोथा अडकला की भांड्यात दाब वाढतो, झाकण उडतं आणि ती वाफ सरळ गॅसच्या ज्योतीवर जाते. बंद स्वयंपाकघरात याचा परिणाम काय होईल, ते सांगायला नको.

गोव्यात चालतं, मग इथे का नाही?

हा प्रश्न कोकणात दर हंगामात निघतो आणि त्यामागे पैशाचं खरं दुखणं आहे. काजूच्या झाडावर बीपेक्षा बोंडाचं वजन पाच ते दहापट असतं. भाव फक्त बीला. बोंड एका दिवसात सडायला लागतं. रत्नागिरी-सिंधुदुर्गात बी काढून घेतली की बोंडांचा खच झाडाखाली तसाच कुजतो.

गोव्यात त्याच बोंडाला दुसरी किंमत मिळते. काजू ब्राझीलहून पोर्तुगीजांनी आणला, फेणी मात्र गोव्याने घडवली. पारंपरिक पद्धतीत बोंड झाडावरून तोडत नाहीत. पिकून आपोआप पडलेलंच वेचतात. खडकात कोरलेल्या उथळ कुंडात, म्हणजे कोळंबीत, ते पायाने तुडवतात. मग चोथ्यावर दगडाचं वजन ठेवून स्वच्छ रस उतरवतात, तो निरो. तो थंडगार प्यायला उत्तम, पण दुपारपर्यंतच. तुडवलेला रस दोन-तीन दिवस आपोआप आंबतो. बाहेरचं यीस्ट नाही, साखर नाही. मग भाण नावाच्या भांड्यात तो उकळतात. पूर्वी भाण मातीचं असे, आता तांब्याचं. पहिल्या गाळपात मिळतो तो हुर्राक, साधारण 15 टक्क्यांचा. हा हंगामापुरताच असतो, टिकत नाही. मार्च ते मेमध्ये गोव्यात गेलात तर लिमका आणि मीठ-मिरची घालून दिला जातो तो हाच. हुर्राक ताज्या रसात मिसळून पुन्हा गाळला की फेणी होते, 42 टक्क्यांच्या पुढची. ‘फेणी’ हा शब्द फेसावरून आला असं मानतात. बाटली हलवल्यावर वर येणारे बुडबुडे आणि ते किती वेळ टिकतात, यावरून जुनी माणसं तीव्रता ओळखत.

2009 मध्ये काजू फेणीला भौगोलिक मानांकन मिळालं आणि 2016 मध्ये गोवा सरकारने तिला वारसा पेयाचा दर्जा दिला. पण याचा अर्थ गोव्यात कोणीही अंगणात भट्टी लावू शकतो असा नाही. तिथेही अबकारी खात्याचा परवाना लागतो. फरक एवढाच की तिथल्या कायद्यात बागेतल्या छोट्या भट्टीला जागा आहे.

महाराष्ट्राच्या कायद्याचं नावच दारूबंदीचं आहे. 1949 चा मुंबई दारूबंदी कायदा, आताचा महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम. मोरारजी देसाई गृहमंत्री असताना तो आला. पुढे परवाने, बार, वाईन शॉप सगळं आलं, पण पाया तोच राहिला: सगळं बंद, आणि परवान्याने दिलं तेवढंच मोकळं. म्हणूनच आपल्याकडे दारू प्यायलाही कागदोपत्री परवाना लागतो, देशीचा एक दिवसाचा 2 रुपयांना आणि विदेशीचा 5 रुपयांना. बिलात तो कापला जातो आणि कोणाच्या लक्षातही येत नाही.

या कायद्याचं कलम 65 भट्टीवाल्यासाठी महत्त्वाचं. बातम्यांत ‘65 (ई)’, ‘65 (फ)’ वाचता ते हेच. दारू गाळणं हा गुन्हा आहेच, पण दारू गाळण्यासाठी भट्टी, भांडी किंवा साहित्य जवळ बाळगणं हाही गुन्हा आहे. म्हणजे ‘मी विकत नाही, घरच्यापुरतीच करतो’ हा बचाव चालत नाही, आणि ‘अजून एक थेंबही पडला नव्हता’ हाही नाही. रील बघून सामान जमवलं की अडचण सुरू झाली.

कायद्याची मुळं इंग्रजी अमलात आहेत आणि तिथे नैतिकतेपेक्षा महसुलाचा हिशोब मोठा होता. त्याआधी ठाणे-कुलाब्याच्या डोंगरात आदिवासी मोहाची दारू घरीच गाळत. 1878 च्या अबकारी कायद्याने गाळपाचा हक्क सरकारच्या हातात गेला आणि ठेकेदारांना विकला जाऊ लागला. उरणला पारशी मालकांच्या मोहाच्या दारूच्या मोठ्या भट्ट्या होत्या. तरी लोक चोरून गाळतच होते, म्हणून 1892 मध्ये थेट मोहाच्या फुलांवरच बंधनं घालणारा कायदा केला. झाडाखाली पडलेलं फूल गोळा करणंही सरकारच्या नजरेखाली आलं. ज्याच्या घरी सणाला आणि देवकार्याला दारू लागत असे, तो एका पिढीत गुन्हेगार ठरला. हे वाचताना आजच्या बोंडाच्या बागाईतदाराची तक्रार अगदीच पोकळ वाटत नाही. माझं मत विचाराल तर छोट्या, तपासणी होणाऱ्या, परवान्याच्या भट्ट्या कोकणात असायला हरकत नसावी. चोरून आणलेल्या स्पिरिटपेक्षा त्या बऱ्या. पण परवाना हवा असं म्हणणं वेगळं आणि परवान्याशिवाय कुकर चढवणं वेगळं.

मग बोंडाचं काय करायचं?

सरबत आणि सिरप हे सगळ्यात सोपे मार्ग. बोंडाचा तुरटपणा टॅनिनमुळे असतो. रसात साबुदाण्याची पातळ पेज घालून ठेवली की टॅनिन खाली बसतं आणि वरचा रस निवळ होतो. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं वेंगुर्ल्याचं फळ संशोधन केंद्र काजूवर अनेक वर्षं काम करतंय. ‘वेंगुर्ला-4’, ‘वेंगुर्ला-7’ या जाती तिथल्याच. प्रक्रियेबद्दल विचारायचं तर आधी तिथे. दोडामार्ग-सावंतवाडीकडचे बागाईतदार बोंडं गोव्यातल्या भट्ट्यांना विकतात, पण खेड-चिपळूणहून एका दिवसात सडणारा माल तिथवर नेणं परवडत नाही.

भट्टीची हौसच असेल तर गवती चहा, गुलाब, वाळा यांचा अर्क काढून बघा. तत्त्व तेच, धारही तशीच पडताना दिसते. फक्त भांडं उघड्या हवेत, नळी मोकळी आणि आत अल्कोहोल अजिबात नको.

आणि फेणीची चव घ्यायची असेल तर ती गोव्यात, परवान्याच्या दुकानातून घ्या आणि तिथेच घ्या. येताना एखादी बाटली डिकीत टाकून आणावी असं वाटतंच. पण बांद्याहून पुढे इन्सुलीला उत्पादन शुल्क विभागाचा नाका आहे. सीलबंद असो, बिल असो, गोवा बनावटीची बाटली विनापरवाना महाराष्ट्रात आणणं हाही त्याच कलम 65 खालचा गुन्हा आहे, एक असली तरी.